वजनाची वही आणि पलीकडचा फोन

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाची देखभाल फोनवरून आणि व्हिडिओवरून कशी करायची, याबद्दल आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. आधी एक खुलासा. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदयाचा पंप अशक्त होतो किंवा ताठरतो, शरीराला पुरेसं रक्त मिळत नाही, मग मूत्रपिंडं मीठ आणि पाणी साठवू लागतात. ते पाणी फुप्फुसात, पायांत, पोटात उतरतं. हा वर्षानुवर्षं चालणारा आजार आहे, आणि त्यातला बिघाड बहुतेक वेळा घरी सुरू होतो. तो घरीच, वेळेत पकडता येतो का, एवढाच या सगळ्या फोन-व्हिडिओचा प्रश्न आहे.

सासऱ्यांचं (वय ६४) हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) ३० टक्के आहे. आठवड्यापूर्वी डिस्चार्ज मिळाला. पुढची तपासणी व्हिडिओवर करू, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही गुहागरजवळ राहतो. घरी काय घ्यावं लागेल आणि रोज काय मोजायचं?
– एक वाचक, जि. रत्नागिरी

चार वस्तू लागतील: वजनकाटा, दंडाला बांधायचं बीपीचं मशीन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि एक वही. यातल्या दोनच निवडायच्या असतील तर काटा आणि वही निवडा.

काटा डिजिटल आणि १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. सुईच्या काट्यावर अर्धा किलो इकडचा तिकडे सहज होतो, आणि आपल्याला नेमका तेवढाच फरक पकडायचा असतो. काटा कडक, सपाट फरशीवर ठेवा, चटईवर किंवा सतरंजीवर नको. जमीन सारवलेली असेल तर शहाबादी फरशीचा एक तुकडा कायमचा बसवून घ्या आणि काटा तिथून हलवू नका. वजन रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, साधारण सारख्याच कपड्यांत घ्यायचं.

पहिली चूक इथेच होते. डिस्चार्ज कार्डावरचं वजन हॉस्पिटलच्या काट्यावरचं असतं. घरचा काटा त्याच माणसाचं वजन एक किलो वेगळं दाखवू शकतो. म्हणून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगावर सूज नसताना घरच्या काट्यावर आलेलं वजन हे ‘कोरडं वजन’ धरायचं आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायचं. तुमचा आठवडा उलटला आहे. सूज नसेल तर उद्याचं वजन डॉक्टरांना कळवा आणि तेच कोरडं वजन धरायचं का, हे विचारून घ्या. हा आकडा कायमचा नसतो. भूक सुधारून अंग भरलं तर तो वर सरकतो. याउलट आजाराने स्नायू झडत असतील तर काट्यावर तेच वजन दिसतं आणि आत पाणी साचत जातं. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा ठरवावा लागतो.

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला टेकवलेला. अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. नाडी अनियमित असल्याचं सांगितलं असेल तर तीनदा मोजा, कारण अशा नाडीत मशीनचा एकच आकडा फसवतो. मनगटाला बांधायचं मशीन घेऊ नका. ऑक्सिमीटर लावण्याआधी बोट चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, गडद मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

वहीत आडव्या ओळीत लिहा: तारीख, वजन, बीपी, नाडी, ऑक्सिजन, रात्री किती उशा लागल्या, पायांवर सूज आहे का, कुठली गोळी चुकली. डॉक्टरांना एकेक आकडा टाइप करून पाठवण्यापेक्षा आठवड्याच्या पानाचा फोटो पाठवा. एका आकड्यावरून काही ठरत नाही, सात ओळींवरून ठरतं.

आणि एक आग्रहाने सांगतो: डिस्चार्जनंतरची पहिली तपासणी व्हिडिओवर ठेवू नका. ती एक ते दोन आठवड्यांत, प्रत्यक्ष, रक्ततपासणीसह व्हायला हवी. भारताच्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीत ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. पहिल्या ९० दिवसांत त्यातले १४.२ टक्के दगावले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्राँग-एचएफ’ अभ्यासात डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत औषधं पूर्ण डोसपर्यंत नेली आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व सहाव्या आठवड्यात रुग्ण तपासले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती होण्याचं प्रमाण २३.३ वरून १५.२ टक्क्यांवर आलं. गुहागरहून दर वेळी लांब जाणं कठीण आहे हे खरं. पण पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी तपासणी) जवळच्या लॅबमध्ये करता येतं, ईसीजी तालुक्याला निघतो. हे रिपोर्ट हातात घेऊन मधल्या भेटी व्हिडिओवर करा.

वजन किती वाढलं की फोन करायचा? आणि वजन वाढलेलं नसताना धाप लागत असेल तर?
– एक वाचक, भंडारा

एका दिवसात एक ते दीड किलो किंवा तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढ, म्हणजे त्याच दिवशी फोन. वहीत ते असं दिसतं: सोमवारी ६१.४, मंगळवारी ६१.९, बुधवारी ६२.७, गुरुवारी ६३.५. उशांच्या रकान्यात एक, एक, दोन, तीन. माणूस गुरुवारीही ‘मी बरा आहे’ असंच म्हणतो, कारण तो नकळत कमी चालू लागलेला असतो. अॅडमिट होण्याच्या साधारण आठवडाभर आधीपासून वजन चढू लागतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. हाच आठवडा आपल्या हातात असतो.

तुमचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. बऱ्याच रुग्णांचं वजन फारसं न वाढताच बिघाड होतो, कारण शरीरातलंच पाणी पोटाकडून, पायांकडून फुप्फुसाकडे सरकतं. म्हणून काट्याने ‘ठीक’ म्हटलं तरी पुढच्या गोष्टींवर फोन करा: रात्री धाप लागून उठून बसावं लागणं, आडवं होताच कोरडा खोकला, एक उशी जास्त लागणं, चपलेचा पट्टा रुतणं, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटणं, परवापर्यंत सहज चढलेल्या जिन्यावर थांबावं लागणं. वजन दोन किलोंनी घटलं आणि उभं राहताना चक्कर येऊ लागली, तरीही फोन. तेव्हा बहुधा पाणी जास्त काढलं गेलेलं असतं.

फोन किंवा व्हिडिओ यांची वाट न पाहता १०८ ला कॉल करायचा तो अशा वेळी: बसूनही धाप थांबत नाही, वाक्य पुरं होत नाही, गुलाबी फेसाळ थुंकी, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, नवाच गोंधळलेपणा, विश्रांतीतही नाडी १२० च्या वर, किंवा बोट गरम करूनही ऑक्सिजन ९० च्या खाली. रुग्णाला आडवं करू नका. पाय खाली सोडून, पाठीला लोड देऊन बसवा.

व्हिडिओ कॉलवर डॉक्टर पाच मिनिटं बोलतात आणि गोळ्या त्याच लिहितात. तपासणी अशी होतच नाही. काही उपाय आहे का?
– एक वाचक, अहिल्यानगर

आहे, पण त्याची निम्मी तयारी घरच्यांना करावी लागते. फोन धरायला रुग्णाव्यतिरिक्त एक माणूस हवा. रुग्णाचं तोंड खिडकीकडे, पाठीमागून उजेड नको. अंगात बंडी किंवा मोठ्या गळ्याचे सैल कपडे.

गळ्याची शीर व्हिडिओवर दिसू शकते, आणि हृदयाच्या उजव्या बाजूला किती दाब आहे याची ती चांगली खूण आहे. खाटेवर लोड-उशा लावून रुग्णाला अर्धवट, साधारण ४५ अंशांत रेलवा. हनुवटी किंचित वर, मान थोडी डावीकडे. कॅमेरा उजव्या बाजूने गळ्याच्या उंचीला धरा आणि मोबाइलची टॉर्च दुसऱ्या फोनवरून तिरपी मारा, म्हणजे सावली हलताना दिसते. कॉलरच्या हाडाच्या वर मऊ, दुहेरी फडफड दिसते ती शीर. बोटाखाली ठोके लागतात ती धमनी. शिरेची फडफड हलक्या दाबाने नाहीशी होते, धमनीची होत नाही. ती फडफड कानाच्या पाळीकडे चढलेली दिसत असेल तर डॉक्टरांना पुढचं फार सांगावं लागत नाही.

मग पाय. घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून सोडा. खळगा पडला तर टॉर्च तिरपी धरून तो दाखवा. समोरून मारलेल्या उजेडात खळगा दिसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सूज पायांवर नव्हे, कमरेखाली माकडहाडावर साठते. तिथे दाबून पाहा.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, पण रुग्णाला ‘श्वास मोजतोय’ असं न सांगता. सांगितलं की श्वास बदलतो. नंतर पडवीत वीस पावलं चालवून परत कॅमेऱ्यासमोर आणा आणि बोलायला लावा.

शेवटी, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका ताटात मांडून कॅमेऱ्यासमोर धरा. दोन डॉक्टरांनी दोन कंपन्यांच्या नावांनी लिहिलेली एकच गोळी, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, संपून दहा दिवस झालेलं रिकामं पाकीट, हे सगळं ताटात सापडतं. कॉलच्या आदल्या रात्री वहीच्या पानाचा फोटो आणि नवे रिपोर्ट पाठवून ठेवले तर पाच मिनिटांतही काम होतं.

जे व्हिडिओवर होत नाही तेही लक्षात असू द्या: फुप्फुसातली करकर ऐकणं, यकृत चाचपणं, झडपेचा आवाज. आजार स्थिर असला तरी तीन-चार महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष जाच.

लघवीची गोळी सूज आली की वाढवायची आणि उतरली की कमी करायची, असं आईला तोंडी सांगितलं आहे. आम्हीच ठरवलं तर चालेल?
– एक वाचक, सांगली

चालेल, पण तोंडी नव्हे. डॉक्टरांकडून चार ओळी लिहून घ्या: कुठल्या वजनाच्या वर गेलं की टॉर्सेमाइड किंवा फ्युरोसेमाइडची किती जादा गोळी, किती दिवस, आणि कुठल्या वजनाला ती बंद. उदाहरणार्थ, ‘६३ च्या वर गेल्यास सकाळी जादा एक, तीन दिवस, वजन उतरो वा न उतरो, तिसऱ्या दिवशी फोन, आठवड्यात क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम.’ आकडे तुमच्या आईचे हवेत, या पानावरून उचलू नका.

यात बिघडतं कुठे, ते सांगतो. जादा गोळी सुरू होते आणि बंद करायची राहून जाते. पंधरा दिवसांनी बीपी ९० च्या खाली, क्रिएटिनिन चढलेलं, आणि मग घाबरून ज्या गोळ्यांनी आयुष्य वाढतं त्याच बंद केल्या जातात. लघवीची गोळी फक्त पाणी काढते. हृदय सावरतं ते मुख्यतः बाकीच्या चार औषधांनी: मेटोप्रोलोल सक्सिनेट, कार्वेडिलोल किंवा बिसोप्रोलोलपैकी एक, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन किंवा त्या जातीचं औषध, स्पायरोनोलॅक्टोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. या चारांत हात घालण्याआधी लघवीची गोळी जास्त झाली आहे का, हे बघितलं पाहिजे.

एसटीने लांब जायचं म्हणून त्या दिवशी गोळीच न घेणं ही आपल्याकडची फार मोठी अडचण आहे, आणि ती लाजेमुळे डॉक्टरांना सांगितली जात नाही. फ्युरोसेमाइडचा जोर तासाभरात चढतो आणि साधारण सहा तासांत ओसरतो. प्रवासाच्या दिवशी गोळी चुकवू नका. पोचल्यावर, दुपारी चारच्या आत घ्या.

गोळी घेऊनही लघवी वाढत नसेल तर आतड्यालाच सूज आलेली असू शकते, त्यामुळे औषध नीट शोषलं जात नाही. तेव्हा घरी तिसरी, चौथी गोळी देत बसू नका. इंजेक्शन लागेल, दवाखान्यात जा. याच्या उलट, उलट्या-जुलाब लागले किंवा कडक उपवासात पाणीही बंद असेल तर लघवीची गोळी, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन थांबवायचं का, ते त्याच दिवशी फोन करून विचारा. नवरात्र, श्रावण, एकादशी यांच्या आधीच्या कॉलमध्ये हा विषय काढलेला बरा.

मी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. ई-संजीवनीवर (सरकारच्या दूरसल्ला सेवेवर) हार्ट फेल्युअरचा रुग्ण जोडते तेव्हा दर वेळी डॉक्टर वेगळे असतात आणि नेटवर्क तुटतं. नीट सल्ला कसा मिळवावा?
– एक वाचक, जि. नंदुरबार

नोव्हेंबर २०१९ पासून चालू असलेल्या, आरोग्य केंद्राला डॉक्टरांशी जोडणाऱ्या ई-संजीवनीच्या शाखेची रचनाच अशी आहे की, तुम्ही रुग्णाजवळ असता आणि पलीकडे त्या वेळी जे डॉक्टर हबवर (सल्ला देणाऱ्या केंद्रावर) असतील ते. म्हणून ओळख डॉक्टरांच्या स्मरणात नव्हे, रुग्णाच्या वहीत हवी. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत एक कागद चिकटवा: निदान काय, टू-डी इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) तारीख आणि पंपिंगचा टक्का, कोरडं वजन, चालू गोळ्या मिलिग्रॅमसह, शेवटचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तारखेसह, मधुमेह आहे का, झडपेचा आजार आहे का.

कॉल लागला की सुरुवात तक्रारीने नको, फरकाने करा: ‘पंपिंग ३५, कोरडं वजन ४८, आज ५०.६, चार दिवसांत वाढलं. रात्री दोनदा उठून बसल्या. बीपी ११० वर ७०, नाडी ९६, ऑक्सिजन ९४. फ्युरोसेमाइड ४० एक वेळ चालू आहे. पोटॅशियम महिन्यापूर्वी ४.६. प्रश्न असा की, डोस वाढवायचा की पाठवायचं?’ एवढं अर्ध्या मिनिटात बोलून होतं. नेटवर्क नंतर तुटलं तरी पलीकडच्या डॉक्टरांकडे ठरवण्यापुरतं पोचलेलं असतं.

ईसीजीचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, कागद टेबलावर सपाट करून, कॅमेरा बरोबर वरून धरून काढा. बाराही लीड, नाव, तारीख आणि कडेची मापाची चौकट फोटोत यायला हवी. व्हिडिओ नाहीच टिकला तर फोटो पाठवून साध्या आवाजी कॉलवर बोला. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत व्हिडिओ, आवाज आणि लेखी संदेश अशी तिन्ही माध्यमं मान्य आहेत. पहिल्याच भेटीत काही औषधं मात्र व्हिडिओशिवाय लिहिता येत नाहीत. मादक वर्गातली आणि शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली औषधं तर दूरून लिहिताच येत नाहीत.

तुमच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं काम कॉलनंतरचं आहे. डोस बदलला की कागदावरचा जुना डोस खोडा, नवा लिहा, तारीख टाका आणि तिसऱ्या दिवशी आशाताईंकडून वजन मागवा.

तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. हार्ट फेल्युअरचे चाळीसेक रुग्ण आहेत. व्हॉट्सअॅप ग्रुप करून रोज वजन-बीपी मागवावं असा विचार आहे. उपयोग होईल का?
– एक डॉक्टर वाचक, जि. सोलापूर

ग्रुप करू नका. एकाच्या आजाराची माहिती एकोणचाळीस जणांना दिसते, आणि तातडीचा संदेश ‘शुभ सकाळ’च्या चित्रांखाली बुडतो. प्रत्येकाचा स्वतंत्र संवाद ठेवा.

उपयोग होतो का, याचं उत्तर अभ्यासांत स्पष्ट आहे, फक्त ते शेजारी ठेवून वाचायला हवेत. अमेरिकेतल्या ‘टेली-एचएफ’ अभ्यासात १,६५३ रुग्णांना रोज एका स्वयंचलित फोन यंत्रणेला लक्षणं आणि वजन सांगायचं होतं. २०१० मध्ये निष्कर्ष आला तेव्हा काहीच फरक नव्हता: सहा महिन्यांत पुन्हा भरती किंवा मृत्यू एका गटात ५२.३ आणि दुसऱ्यात ५१.५ टक्के. १४ टक्के रुग्णांनी ती यंत्रणा एकदाही वापरली नाही आणि शेवटच्या आठवड्यात जेमतेम ५५ टक्के जण आठवड्यातून तीनदा तरी फोन करत होते. जर्मनीतल्या ‘टिम-एचएफ २’ मध्ये १,५७१ रुग्ण होते. तेही रोज वजन, बीपी, ईसीजी आणि ऑक्सिजन पाठवत. पण पलीकडे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात चोवीस तास डॉक्टर आणि नर्स बसलेले होते, ते आकडा पाहून फोन करत आणि औषध बदलत. २०१८ मध्ये निकाल आला: अनियोजित भरती किंवा मृत्यूमुळे वाया गेलेले दिवस वर्षाला सुमारे २४ वरून १८ वर आले आणि मृत्यूही कमी झाले. अर्जेंटिनातल्या ‘डायल’ अभ्यासात तर उपकरणच नव्हतं. १,५१८ रुग्णांना प्रशिक्षित नर्स ठरावीक दिवसांनी साधा फोन करत. तरीही फायदा दिसला.

म्हणजे यंत्राने फरक पडत नाही, उत्तराने पडतो. वजन पाठवून चार दिवस उत्तर आलं नाही की रुग्ण पाठवणं बंद करतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

तेव्हा असं बसवा. एक नर्स, रोज सकाळी ९ ते १०.३०, दवाखान्याचा वेगळा नंबर. प्रत्येक आकड्यावर त्याच दिवशी उत्तर, निदान ‘पाहिलं, तेच चालू ठेवा’ एवढं तरी. दोन दिवस आकडा आला नाही तर नर्सने स्वतः फोन करायचा, कारण न आलेला आकडा हाच बऱ्याचदा बिघाडाचा पहिला निरोप असतो. नर्सने काय करायचं ते तुमच्या सहीने लिहून द्या: किती वाढीला ठरलेली जादा गोळी आठवण करून द्यायची, कुठे तुम्हाला बोलवायचं, कुठे थेट १०८. वेळेबाहेरच्या संदेशाला आपोआप जाणारं उत्तर लावा: ‘हा नंबर तातडीसाठी नाही. धाप किंवा छातीत दुखत असेल तर १०८.’ चाळीसच्या चाळीस एकदम घेऊ नका. नुकते डिस्चार्ज झालेले दहा घ्या, तीन महिने चालवा. स्थिर झालेल्यांना आठवड्यातून एक नोंद पुरते, त्यातून नव्यांसाठी वेळ निघतो.

डोस वाढवणं हे फोनवरून उत्तम होणारं काम आहे, आणि नेमकं तेच मागे पडतं. बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलोल, कार्वेडिलोल किंवा बिसोप्रोलोल) दर दोन आठवड्यांनी दुप्पट करायचा असेल तर वहीतली नाडी आणि बीपी बघून तो निर्णय व्हिडिओवर घेता येतो: नाडी ५० च्या वर, चक्कर नाही, सूज नाही. स्पायरोनोलॅक्टोन मात्र पोटॅशियम पाहिल्याशिवाय सुरू करू नका. एका आठवड्याने आणि चार आठवड्यांनी पुन्हा तपासा, ५.५ च्या वर गेलं तर डोस निम्मा, ६ च्या वर गेलं तर बंद. एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलवरून सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनवर नेताना मध्ये ३६ तास सोडावे लागतात. हे फोनवर सांगून भागत नाही. घरात जुनं पाकीट उरलेलं असतं आणि दोन्ही चालू राहतात. जुनं पाकीट कॅमेऱ्यासमोर कापायला लावा.

चिठ्ठीवर तुमचा नोंदणी क्रमांक हवा, सल्ल्याची नोंद ठेवा, फी घेतली तर पावती द्या. फीबद्दल संकोच नको. मोफत फोनवरचं काम महिन्याभरात थकतं.

मी न्यू जर्सीत राहतो, आई साताऱ्याला. तिच्या डॉक्टरांशी मीच व्हिडिओवर बोलतो. आई सहा महिने इकडे आली तर तेच डॉक्टर चालतील ना?
– एक वाचक, न्यू जर्सी

आई साताऱ्यात असताना काही अडचण नाही. ती कॉलवर हजर असेल आणि तिची संमती असेल तर तुम्ही कुठूनही जोडले जाऊ शकता. ती नसताना तुम्हालाच बोलायचं असेल तर तिने सही केलेलं अधिकारपत्र डॉक्टरांकडे आधी देऊन ठेवा.

ती तिकडे आल्यावर मात्र चित्र बदलतं. आपली टेलिमेडिसिनची तत्त्वं भारताबाहेरच्या सल्ल्याला लागू होत नाहीत, आणि इथल्या चिठ्ठीवर तिथली फार्मसी औषध देणार नाही. निघण्याआधी प्रत्यक्ष तपासणी, इको आणि रक्त करून घ्या. औषधं मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या पत्रासह, हातातल्या बॅगेत ठेवा. प्रवासी विम्यात आधीपासूनच्या आजाराचं काय, ते वाचून घ्या. काटा तिकडचा नवा असेल, तेव्हा पोचल्यावरचं वजन नव्याने लिहा. तो पौंडांत नाही ना, हेही पाहा.

वडिलांसाठी लो-सोडियम मीठ आणलं आहे. व्हिडिओवर विचारायचं राहिलं. चालेल ना?
– एक वाचक, पणजी

आजच बंद करा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन चालू असताना पोटॅशियम आधीच चढायला टेकलेलं असतं. ते फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते, आणि त्याआधी दर वेळी लक्षण दिसतंच असं नाही. किती दिवस वापरलं ते डॉक्टरांना कळवा आणि पोटॅशियम तपासून घ्या. रोज शहाळं पीत असतील तर तेही सांगा.

मीठ साधंच, पण दिवसाला सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. पापड, लोणचं, खारवलेली मासळी, फरसाण यांतलं मीठही त्यातच मोजायचं. अॅसिडिटीसाठी पाण्यात फसफसणाऱ्या फ्रूट सॉल्टच्या एका पुडीतच पाऊण ग्रॅमच्या वर सोडियम असतं, साधारण दोन ग्रॅम मिठात असतं तेवढं. ती घरातून काढून टाका.

आईला छातीत आयसीडी (हृदयाची लय बिघडली की शॉक देणारं यंत्र) बसवला आहे. पलंगाजवळ एक बॉक्स ठेवायला दिला आहे, तो आपोआप माहिती पाठवतो म्हणे. मग वही कशाला?
– एक वाचक, पुणे

बॉक्स आणि वही वेगवेगळं पाहतात. बॉक्स हृदयाची लय, यंत्राची बॅटरी, तारांची स्थिती पाठवतो. आईला दोन उशा लागल्या हे त्याला कळत नाही. शिवाय ती माहिती केंद्रात कामाच्या वेळेत वाचली जाते, म्हणून बॉक्सला १०८ समजू नका.

बॉक्स पलंगापासून दोन-तीन मीटरच्या आत, मोबाइलची रेंज येते अशा जागी, कायम प्लग लावून ठेवा. बऱ्याच यंत्रांची माहिती रात्री झोपेत जाते. पाहुणे आले म्हणून आई दुसऱ्या खोलीत झोपली, चार्जरसाठी कोणी प्लग काढला, की ती जात नाही. महिन्यातून एकदा क्लिनिकला फोन करून ‘शेवटची नोंद कधीची आली?’ एवढं विचारा.

यंत्राने एक शॉक दिला आणि आई लगेच पूर्ववत झाली, तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन. चोवीस तासांत दोन किंवा जास्त शॉक बसले, किंवा एका शॉकनंतरही धाप, चक्कर, छातीत दुखणं राहिलं, तर १०८. शॉक बसताना तिला हात लागला तर घाबरू नका, फार तर झिणझिणी येईल. तिला धरा आणि जमिनीवर बसवा.